चाकाचा सातबारा

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत यंदा पाण्याच्या टँकरपेक्षा जास्त वेळ एका पाटीवर गेला. फाटकाच्या डाव्या अंगाला स्कूटर-मोटारसायकली लावायची जागा आखून झाली होती, तिथं पाटी हवी होती. सेक्रेटरींनी मजकूर वाचून दाखवला : ‘टू-व्हीलर पार्किंग’. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त काका लगेच उठले. महाराष्ट्रात राहतो ना आपण, मग ‘दुचाकी वाहनतळ’ लिहा, हे परके शब्द कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मागच्या रांगेतल्या एका तरुण गृहस्थांनी मोबाइल उंचावला. “काका, परकं काय त्यात? सगळी इंग्रजी संस्कृतातूनच आलीये. व्हील म्हणजे आपलंच चक्र.” अर्धी सभा हसली, अर्ध्या सभेनं माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण चहा गार होत होता आणि विषयपत्रिकेवर लिफ्ट अजून बाकी होती.

घरी आल्यावर मात्र त्या दोन पाट्या डोक्यातून जाईनात. कारण शब्दांच्या पोटात शिरून पाहिलं तर त्या दोन पाट्यांत फारसा फरकच नाही. ‘टू’ आणि ‘दु’ हे एकाच शब्दाचे दोन वंशज. ‘व्हील’ आणि ‘चाक’ हेही तसेच. म्हणजे ‘टू-व्हीलर’ आणि ‘दुचाकी’ या शब्दांचे दोन्ही मुख्य तुकडे मुळात एकच. आणखी गंमत हवी असेल तर ‘बायसिकल’ घ्या. त्यातला ‘बाय’ लॅटिनमधून आला आणि तो आपल्या ‘द्वि’चा भाऊ. ‘सिकल’ ग्रीकमधल्या ‘क्यूक्लोस’वरून आला, आणि क्यूक्लोस म्हणजे चक्र. बायसिकल हा शब्द नको म्हणून ज्यांनी ‘द्विचक्रिका’ घडवला, त्यांनी पाहुण्याला पुढच्या दारानं बाहेर काढून मागच्या दारानं त्याच्याच चुलत भावाला आत घेतलं. काकांच्या पाटीतलं ‘वाहन’सुद्धा इंग्रजी ‘व्हेइकल’चं आणि ‘वॅगन’चं नातेवाईक निघतं. उरलं काय, तर ‘पार्किंग’ की ‘तळ’. भांडण एवढ्याचंच होतं.

मग मागच्या रांगेतले गृहस्थ बरोबर होते का? नाही. आणि ते का चुकले हे नीट सांगितलं पाहिजे, कारण हल्ली हा दावा नुसता फॉरवर्डमध्ये राहिलेला नाही, व्यासपीठांवरूनही ऐकू येतो. ‘नॅव्हिगेशन’ म्हणजे ‘नवगती’, ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’. हे ऐकायला गोड आहे. पण दोन शब्द कानाला सारखे वाटले की ते नात्यातले, ही कसोटीच नाही. नॅव्हिगेशनचं पाहा. ते लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं यांवरून बनलं. यातलं नाविस आपल्या ‘नौ’चं सख्खं नातेवाईक आहे, म्हणजे नातं खरंच होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ते सापडलं नाही. त्यानं नसलेलं नातं जोडलं आणि असलेलं हातचं घालवलं.

उलट ‘व्हील’ आणि ‘चक्र’ कानाला अजिबात सारखे नाहीत. एकही अक्षर जुळत नाही. तरीही हे नातं भाषाविज्ञानातल्या सर्वांत भक्कम नात्यांपैकी एक मानलं जातं. हे कसं, ते समजून घ्यायला शाळेतला इंग्रजीचा तास आठवावा लागेल. ‘डब्ल्यूएच क्वेश्चन’ शिकवले होते ना? हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय. आता मराठीत तेच प्रश्न विचारा. कोण, काय, कुठे, केव्हा, का. इंग्रजीत जिथं जिथं तो ‘डब्ल्यूएच’ आहे तिथं आपल्याकडे ‘क’ उभा आहे. संस्कृतात ‘कतर’ म्हणजे दोघांपैकी कोणता, आणि इंग्रजी ‘व्हेदर’चा जुना अर्थही नेमका तोच होता. हा योगायोग एकदा होईल, दोनदा होईल, ओळीनं होणार नाही. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत मूळचा ‘क’ घासून ‘ह’ झाला. लॅटिनमध्ये शिंगाला ‘कोर्नू’ तर इंग्रजीत ‘हॉर्न’, तिथं कुत्र्याला ‘कानिस’ तर इथं ‘हाउंड’, तिथं शंभराला ‘केंटुम’ तर इथं ‘हंड्रेड’. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनं १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये हा बदल मांडून दाखवला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिमबंधूंपैकी थोरला तो हाच. तेव्हा व्हीलमधला ‘डब्ल्यूएच’ हा व्हॉटमधलाच आहे, आणि त्याच्या जागी आपल्याकडे ‘क’वर्गीय काहीतरी असायला हवं. जुन्या इंग्रजीत चाकाला ‘ह्वेओल’, ‘ह्वेओगोल’ म्हणत. दुसऱ्या रूपातला तो मधला ‘ग’ पाहिलात? तो आपल्या चक्रातल्या ‘क’च्या जागेवर बसलेला आहे. आजच्या व्हीलमध्ये तो झिजून गेला.

आता खरा मुद्दा. अभ्यासकांनी या सगळ्या शब्दांमागे एक जुनं रूप कल्पिलं आहे, ते साधारण ‘क्वेक्व्लोस’ असं. असं रूप लिहिताना ते आधी एक तारा काढतात. त्या ताऱ्याचा अर्थ, हा शब्द कुणी लिहिलेला सापडलेला नाही, आम्ही तो उलट्या दिशेनं चालत जाऊन बांधला आहे. मला हा तारा फार आवडतो. आपल्या एकाही फॉरवर्डवर तो नसतो. तर ‘क्वेल’ म्हणजे फिरणं, वळणं. त्याची दुरुक्ती करून क्वे-क्व्ल. आपण ‘गरगर’, ‘भिरभिर’ म्हणतो तशातलाच हा प्रकार, फिरतं त्याला फिरफिरं म्हटलं. म्हणजे मुळात दोन्ही व्यंजनं एकच होती. मग संस्कृतात पहिल्याचा ‘च’ आणि दुसऱ्याचा ‘क’ का झाला? कक्र नाही, चच्र नाही, चक्रच का?

संस्कृत शिकलेल्या कुणालाही ही जोडी ओळखीची वाटेल. ‘कृ’चं ‘चकार’, ‘गम्’चं ‘जगाम’. धातूची दुरुक्ती झाली की पहिल्या तुकड्यात क-ग जाऊन च-ज येतात. पाणिनीनं त्यासाठी ‘कुहोश्चुः’ हे सूत्र लिहून ठेवलं. सूत्र काय होतं ते सांगतं, का होतं ते सांगत नाही, आणि पाणिनीचं ते कामही नव्हतं. कारण सापडलं १८७०च्या दशकात, युरोपातल्या अनेक अभ्यासकांना जवळजवळ एकाच वेळी. मूळ भाषेत ए, ओ आणि अ असे तीन वेगळे स्वर होते. संस्कृतात ते तिन्ही मिळून एक ‘अ’ झाला. पण होण्याआधी ‘ए’नं आपल्या मागच्या ‘क’ला ओढून ‘च’ करून टाकलं होतं. म्हणून लॅटिनमध्ये ‘क्वे’ म्हणजे ‘आणि’, संस्कृतात ‘च’. लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’, ग्रीकमध्ये ‘पेंते’, संस्कृतात ‘पंच’. चक्रात पहिल्या व्यंजनापुढे ‘ए’ होता, त्याचा ‘च’ झाला. दुसऱ्यापुढे ‘ए’ नव्हता, तो ‘क’च राहिला. पुढे ‘ए’चा ‘अ’ झाला आणि पुरावा नाहीसा झाला असं वाटलं, पण ‘च’ तसाच होता. गाडी निघून गेली, चाकोरी राहिली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चक्र या शब्दातला ‘च’ स्वतःच साक्ष देतो की त्याच्या आधी, जिथं ‘ए’ होता अशी एक भाषा होती. ती संस्कृत नव्हती. जुन्या इंग्रजीतल्या ‘ह्वेओल’मध्ये तो ‘ए’ ऐकू येतो. ‘व्हील’ जर ‘चक्र’पासून निघालं असतं, तर संस्कृतानं टाकून दिलेला स्वर इंग्रजीनं कुठून उचलून आणला? लेक आईकडून तेवढंच घेऊ शकते जे आईकडे आहे. संस्कृत ही इंग्रजीची आई नाही, फार तर वयानं पुष्कळ मोठी अशी चुलत आत्या आहे. आणि ही साक्ष कुणा वसाहतवाद्यानं तयार केलेली नाही. ती पाणिनीच्या सूत्रात अडीच हजार वर्षं पडून होती.

कोलकात्यातला न्यायाधीश विल्यम जोन्स यानं २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणाचा हवाला दोन्ही बाजूंचे लोक देतात. संस्कृत किती परिपूर्ण, किती समृद्ध, हे त्याचं वाक्य उचललं जातं. त्याच वाक्याचा पुढचा भाग सोयीस्कर विसरला जातो. त्यात तो म्हणतो की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. त्याच्याही दोनशे वर्षं आधी हे साम्य गोव्यात लक्षात आलं होतं, ही गोष्ट मात्र आपल्याकडे कमी सांगितली जाते. इंग्लंडमधल्या विल्टशायरहून आलेला जेझुइट धर्मप्रसारक थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १५८३ मध्ये त्यानं भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं की इथल्या भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. पुढे याच माणसानं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं. त्याच दशकात फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेती याला सहा, सात, आठ, नऊ हे आकडे इटालियनशी जुळताना दिसले. तोही १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्या दोघांकडे नियम नव्हता, नुसता कान होता. पण तो कान इथल्या भाषांवर तयार झालेला होता, एवढं श्रेय आपण बिनदिक्कत घ्यावं.

संस्कृताचं मोठेपण आई होण्यात नाही, साक्षीदार होण्यात आहे. एक उदाहरण पुरे. ग्रिमच्या नियमाला, म्हणजे जुन्या ‘क’चा ‘ह’, ‘त’चा ‘थ’ होण्याला, काही त्रासदायक अपवाद होते. जुन्या इंग्रजीत बापाला ‘फॅडर’, आईला ‘मोडोर’, पण भावाला ‘ब्रोथोर’. एकाच ‘त’चं कुठं ‘ड’ आणि कुठं ‘थ’. पन्नास वर्षं कुणाला उलगडा होईना. डेन्मार्कच्या कार्ल व्हेर्नरनं वेदातले स्वर पाहिले. पितृ आणि मातृ या शब्दांत उदात्त, म्हणजे चढा स्वर, शेवटच्या अक्षरावर आहे, भ्रातृमध्ये पहिल्यावर. अपवाद नेमके त्या रेषेवर विभागले होते. इंग्रजी, जर्मन वगैरे जर्मानिक भाषांनी स्वराघाताची जुनी जागा केव्हाच हरवली होती, आणि ती ज्यांनी मुखोद्गत करून सांभाळली ते आपले घनपाठी वैदिक होते. इंग्रजी शब्दांच्या इतिहासातलं एक कोडं ऋग्वेदाच्या उच्चारावरून सुटलं. एवढी अस्सल गोष्ट पदरात असताना ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ची गरज का पडावी, हे मला खरंच कळत नाही.

या घराण्याचा विस्तार पाहिला की आपल्या मालकीहक्काच्या गप्पा आणखी केविलवाण्या वाटतात. चेक भाषेत ‘कोलो’ म्हणजे चाक आणि ‘कोलो’ म्हणजेच सायकल. सर्बियात ‘कोलो’ म्हणजे हात धरून गोल फिरत केलेला नाच. लिथुआनियात ‘काक्लास’ म्हणजे मान, कारण मान वळते. चीनच्या शिनजियांगमधल्या वाळवंटात तोखारी नावाच्या मेलेल्या भाषेची हस्तलिखितं मिळाली, १९०८ मध्ये जर्मन अभ्यासकांनी ती भाषा कुठल्या कुळातली ते ओळखलं, आणि त्यात ‘कोकाले’ म्हणजे रथ निघाला. ‘क्वेल’ या मूळ धातूतून ग्रीकमध्ये ‘पोलोस’ म्हणजे आस बनला, त्याचा इंग्रजीत ‘पोल’, म्हणजे आपला उत्तर-दक्षिण ध्रुव. लॅटिनमध्ये त्याच धातूचं ‘कोलेरे’ झालं : एका जागी फिरून राहणं, मशागत करणं. त्यातून ‘कॉलनी’ आणि ‘कल्चर’. संस्कृतात त्याच धातूचं ‘चर्’ झालं. गुरं चरतात त्यातलं ते, आचार-विचारातलंही तेच. म्हणजे ‘कल्चर’ला ‘आचार’ हा भाऊ मिळतो, आणि तुम्ही वाचताय तो वैचारिक लेखही चाकाच्याच भावकीत येतो. ‘रथ’ हे वेगळं घराणं. लॅटिनमध्ये ‘रोता’ म्हणजे चाक, त्यावरून रोटरी क्लबातली रोटरी, आणि जर्मनमध्ये ‘राड’ म्हणजे चाक. बैलाच्या मानेवरचं ‘जू’ आणि इंग्रजी ‘योक’, पृथ्वी ज्याभोवती फिरते तो ‘आस’ आणि इंग्रजी ‘अॅक्सल’, हेही तसेच. बैलगाडी सुटी करून मांडली तर अर्धे सुटे भाग युरोपभर नातेवाईक काढतात.

(चकली मी मुद्दाम घेतली नाही. गोल आहे, फिरवून पाडतात, ‘चक्र’ म्हणायचा मोह होतो. पण ‘शष्कुली’ नावाचा तळलेला पदार्थ संस्कृत ग्रंथांत आहे आणि तोही दावा सांगतो. दोन दावेदार असताना निकाल देऊ नये.)

उलट, मराठीच्या एका अंगणात हे एकच बीज किती वाटांनी येऊन पडलं ते पाहा. ‘चाक’ प्राकृतातल्या ‘चक्क’वरून घरातच वाढलं. ‘चक्र’ पोथीतून जसंच्या तसं घेतलं. ‘चरखा’ फारसीतून आला, आणि फारसी ‘चर्ख’ हे जुन्या इराणी ‘चख्र’चं उलटापालट झालेलं रूप, म्हणजे पुन्हा चक्रच. ‘सायकल’ ग्रीसहून इंग्लंडमार्गे आली. ‘व्हील’ चेअरला जोडून आलं. पाच वाटा, एक शब्द. भाषाशुद्धीच्या चाळणीत यातलं काय राहील आणि काय गाळाल? चरखा फारसी म्हणून काढायचा का? काँग्रेसच्या झेंड्यावर तो होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं राष्ट्रध्वज मंजूर केला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या स्तंभशीर्षावरचं चक्र आलं. त्यावर तेव्हा नाराजीही झाली. पण शब्दाच्या अंगानं पाहिलं तर ध्वजावरचा शब्द बदललाच नव्हता, फक्त तो इराणच्या वाटेनं न येता सरळ घरच्या वाटेनं आला.

आणखी एक नमुना कोलकात्याचा. बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करणारा हेन्री पिडिंग्टन तिथंच राहायचा. वेटोळं घातलेल्या सापासारखा वारा फिरतो, म्हणून १८४८ मध्ये त्यानं ग्रीक ‘क्यूक्लोस’वरून ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. आज हवामान खात्याची सूचना आली की मराठी वर्तमानपत्रं ‘चक्रीवादळ’ छापतात. किती सुंदर, चपखल मराठी शब्द, असं आपण म्हणतो, आणि तो आहेच. पण त्यातल्या ‘चक्री’त आणि ‘सायक्लोन’मध्ये एकच मूळ घुमतंय.

इतकं सगळं सांगून मला म्हणायचं काय आहे? आपण शब्दाच्या मुळाकडे जमिनीच्या उताऱ्यासारखं पाहतो. मूळ कुणाच्या नावावर निघतं ते बघायचं, आणि मग एकानं म्हणायचं ‘तुमचं सगळं आमचंच आहे’, दुसऱ्यानं म्हणायचं ‘आमच्या वावरातून बाहेर व्हा’. सोसायटीच्या सभेतले काका आणि ते तरुण गृहस्थ एकमेकांचे विरोधक नव्हतेच. दोघंही तलाठ्याकडेच निघाले होते. एकाला फेरफार करून इंग्रजी आपल्या नावावर चढवायची होती, दुसऱ्याला अतिक्रमण हटवायचं होतं. व्युत्पत्तीचा अभ्यास मात्र उतारा देत नाही, तो वंशावळ देतो. वंशावळीवरून नातं कळतं, मालकी कळत नाही. भाऊबंदकीत आयुष्य काढलेल्या आपल्या समाजाला हा फरक खरं तर कुणी शिकवायला नको.

वंशावळीवरून रक्तही कळत नाही. भाषेचं कुळ आणि माणसाचं कुळ एकत्र गुंफलं की काय होतं ते विसाव्या शतकानं ‘आर्य’ या शब्दावरून पाहिलं आहे. जमैकातला माणूस इंग्रजी बोलतो, त्यावरून त्याचे आजोबा यॉर्कशायरचे ठरत नाहीत. दायमाबादचा तो सुप्रसिद्ध ब्राँझचा रथ घ्या. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी सापडला, बैल जुंपलेले, हाकणारा उभा, चाकं अस्सल. त्या चाकांना त्यांचे मालक काय म्हणत, हे ब्राँझ सांगत नाही. वस्तू एकाकडून येते, शब्द दुसऱ्याकडून येतो, बोलणारा तिसरीकडचा असतो. पोलंडमधल्या ब्रोनोचित्से इथल्या मडक्यावर चारचाकी गाडीचं चित्र आहे, इसवीसनापूर्वी सुमारे ३५०० मधलं. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाच्या पाणथळीत मिळालेलं लाकडी चाक पाच हजार वर्षांहून जुनं आहे. त्यावरून काही अभ्यासक असं मांडतात की ज्या भाषेत चाकाला शब्द होता, ती भाषा चाक निघण्याआधी फुटून विखुरली नसणार. काहींना हे पटत नाही, आणि त्यांच्याकडेही मुद्दे आहेत. याच कुळातल्या, प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्ती भाषेत चाकाला या घराण्यातला शब्दच नाही, वेगळाच आहे. असा वाद मला आवडतो, कारण तो पुराव्यावर चालतो आणि हरल्यावर कुणाची अस्मिता दुखावत नाही.

मराठीतही सगळं एका कुळातून आलेलं नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की वगळून, संस्कृतात नाही. तो शेजारच्या द्रविड भाषांत आहे. हा शेजार काढून टाका, आणि मराठी माणसाला ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतला सूक्ष्म अपमान करताच येणार नाही.

मग पाटी इंग्रजीत चालेल का? मुळीच नाही. काकांची मागणी योग्य होती, त्यांचं कारण चुकीचं होतं. दुकानांच्या पाट्यांसाठी २०२२ मध्ये कायदा आणखी कडक झाला याचं मला बरंच वाटलं. पाटी मराठीत हवी, कारण इथं पाटी वाचणाऱ्यांत दूधवाले आहेत, कामाला येणाऱ्या मावशी आहेत, तिसरीत शिकणारी पोरं आहेत, आणि त्यांच्या भाषेला सार्वजनिक जागा असली पाहिजे. ‘दुचाकी’ हा शब्द ‘व्हील’पेक्षा पवित्र आहे म्हणून नव्हे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे राज्यकारभार कुणाच्या भाषेत चालावा हा प्रश्न होता, आणि तो रास्त प्रश्न होता. सावरकरांच्या ‘महापौर’, ‘चित्रपट’ यांसारख्या शब्दांनी मराठीला चांगलं दिलं, हेही मान्य. पण हे शब्द टिकले ते तोंडात बसले म्हणून. ‘द्विचक्रिका’ शुद्धतेत कुठेच उणी नव्हती, ती विनोदाच्या कामी आली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हा आनंद झाला, पेढे वाटले गेले, आणि पुन्हा सगळी चर्चा ‘किती जुनी’ यावरच थांबली. मला वाटतं, आता खर्च करायचा तर तो शब्दांच्या नोंदींवर करावा. इंग्रजांच्या ऐतिहासिक शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि शेवटचा १९२८ मध्ये. तो उघडला की ‘व्हील’ कोणत्या शतकात कसं लिहीत, त्याचा अर्थ कधी वळला, हे तारखेवार, अवतरणांसह मिळतं. म्हणूनच कुणी व्हीलबद्दल काहीही ठोकून दिलं तर पाच मिनिटांत पकडता येतं. आपल्याकडे ज्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानानं १९२० मध्ये मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये आला. संस्कृतासाठी असा ऐतिहासिक कोश पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चालू आहे, आणि अनेक दशकं तो ‘अ’ या अक्षरातच चालतो आहे, यावर हसणाऱ्यांनी त्या कामाचा पसारा एकदा जाऊन पाहावा. मराठीत ‘चाक’ हा शब्द लीळाचरित्रापासून आजच्या वर्तमानपत्रापर्यंत कसा फिरत आला, ‘चाकोरी’ मातीतून उठून माणसाच्या स्वभावाला कधी लागली, ‘चक्कर’ डोक्याला कधी यायला लागली आणि मित्राच्या घरी मारायची कधी झाली, हे मला शाळेतल्या पोरांना तारखेसकट दाखवायचंय. त्यासाठी डिजिटल केलेल्या पोथ्या, कागदपत्रं आणि वीस-पंचवीस तरुण पगारी अभ्यासक लागतील. एका संमेलनाच्या मांडवाचा खर्च त्यांना काही वर्षं पोसेल, असा माझा आपला अंदाज. हे झालं की ‘सगळं संस्कृतातून’ आणि ‘सगळं परकं’ हे दोन्ही लोक आपोआप जरा हळू बोलतील, कारण समोरचा कोश उघडून बसलेला असेल.

सभेत शेवटी तडजोड झाली. पाटीवर वर ‘दुचाकी वाहनतळ’, खाली बारीक अक्षरात ‘टू-व्हीलर पार्किंग’. पेंटरनं वरच्या ओळीत ‘वाहनतळ’चं ‘वहानतळ’ केलं, ते अजून तसंच आहे.

काल संध्याकाळी फाटकाशी उभा होतो. कुरिअरचा मुलगा स्कूटर घेऊन आला आणि पाटीकडे न बघता रॅम्पवरच थांबला. आमच्या वॉचमननं त्याला हटकलं. तो दुचाकी म्हणाला नाही, टू-व्हीलरही म्हणाला नाही. ‘गाडी’ म्हणाला. प्राकृतात ‘गड्डी’ मिळते, तिच्यामागे संस्कृतात पक्कं असं मूळ काही सापडत नाही. 

“ए, गाडी तिकडं लाव.” त्यानं लावली.